दुसरं काही कारण असेल का?

भावंडांत सगळ्यांत शेवटची म्हणून तिला धाकटी म्हणायला लागले, आणि केस पिकायला लागले तरी ती धाकटीच राहिली. आई धाकटी म्हणते, नवरा चिडला की धाकटीबाई म्हणतो, आणि गल्लीतली पोरं तिला धाकटी मावशी म्हणून हाक मारतात. यात हसण्यासारखं काही आहे असं कुणालाच वाटत नाही. तर या धाकटीच्या डोक्यातून गेला आठवडाभर शुक्रवार जात नव्हता. भाजी चिरताना, बसची वाट बघताना, दात घासताना. शुक्रवारी वर्गात तिचं रेकॉर्डिंग लागणार होतं आणि त्यावर तिचा निकाल ठरणार होता.

समुपदेशनाचा अभ्यासक्रम म्हटलं की लोकांना वाटतं, गोड बोलायला शिकवत असतील. गोड बोलायला कुणी शिकवत नाही. शेवटच्या वर्षी दवाखान्यातल्या एका छोट्या खोलीत खऱ्या माणसांसमोर बसवतात. आलेल्या माणसाची परवानगी घेऊन सगळं बोलणं रेकॉर्ड करायचं आणि मग त्यातला एक तुकडा शिकवणाऱ्या मॅडमना आणि वर्गाला ऐकवायचा. स्वतःचं घोरणं चारचौघांत बसून ऐकावं तसा हा प्रकार. आपला आवाज असा आहे, आपण इतक्यांदा 'हं हं' करतो, हे ऐकून भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळतं.

धाकटी या वाटेला लागली ती शिवणकामामुळे. गणवेश शिवायच्या कारखान्यात तिने उमेदीची सगळी वर्षं काढली. मशीनवरच्या बायका तिच्याजवळ येऊन मन मोकळं करायच्या, कारण धाकटी मध्येच बोलायची नाही. खरं कारण असं की तिच्या तोंडात कायम टाचण्या धरलेल्या असायच्या. पण नाव झालं, धाकटी ऐकून घेते. कारखाना बंद पडला तेव्हा दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तिला या अभ्यासक्रमाची जागा दाखवली आणि सांगितलं, पास झालीस तर त्या छोट्या खोलीत तुलाच बसवायचं आमच्या मनात आहे. पुलापलीकडची माणसं दवाखान्यात येतात, पण त्या खोलीत जात नाहीत. तू असलीस तर जातील.

पुलापलीकडचे म्हणजे धाकटीचे लोक. त्यांच्या पणज्या-पणजोबांना खाणीत राबायला कुणीतरी कुठून तरी आणून टाकलं होतं. खाण कधीच बंद झाली, माणसं राहिली. रंगाने काळीभोर, बोलताना शब्द जरा लांबवणारी. पुलाच्या अलीकडे त्यांना कुणी तोंडावर वाईट बोलत नाही. फक्त दुकानात शिरलं की कुणीतरी मागे मागे फिरतं, आणि घर भाड्याने मागायला गेलं की ते कालच दिलेलं असतं.

वर्गात पुलापलीकडची धाकटी एकटीच. पहिल्या वर्षीच तिने शब्द लांबवणं सोडून दिलं. कुणी सांगितलं नव्हतं, तिचं तिलाच कळलं.

आता त्या रेकॉर्डिंगचं.

एक पाववाली बाई. म्हणजे मोठ्या बेकरीच्या गल्ल्याशेजारी उभी राहून पाव, बिस्किटं बांधून देणारी. तीही पुलापलीकडची, धाकटीपेक्षा वयाने लहान. दवाखान्यात आली होती हातांसाठी. दोन्ही हातांची कातडी सोलून निघाली होती, बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या. डॉक्टरांनी मलम दिलं, विचारलं, एवढे हात कशाने धुता? ती गप्प. मग तिला छोट्या खोलीत पाठवलं.

दोन वेळा ती नुसती हवापाण्याचं बोलून गेली. तिसऱ्यांदा बोलली. बेकरीत एका गिऱ्हाईक बाईने तिच्या हातून पुडा घ्यायला नकार दिला होता. "हिच्या हातचं नको, दुसऱ्या कुणाला तरी बांधायला सांगा," असं म्हणाली, तेही हळू आवाजात, अगदी सभ्यपणे. नवे मॅनेजर शेजारीच उभे होते. ते काही बोलले नाहीत. पुढच्याच आठवड्यात त्यांनी पाववालीला मागे ट्रे धुवायला पाठवलं. मागे माणसं कमी आहेत म्हणाले. आणि गल्ल्याशेजारी एक नवी मुलगी आली, पुलाच्या अलीकडची, गोरी.

"तेव्हापासून मी हात धुते," पाववाली म्हणाली. "ट्रे धुऊन झाले की परत हात धुते. घरी गेले की धुते. मला माहितीये ते स्वच्छ आहेत. तरी धुते. माझ्या रंगापायी काढलं हो त्यांनी मला तिथून."

हे सगळं धाकटीला ठाऊक होतं. तिच्या थोरल्या बहिणीला असंच एका दुकानातून मागच्या खोलीत टाकलं होतं. तोंडापर्यंत शब्द आले होते की हो गं बाई, तसंच आहे ते.

पण त्याच क्षणी तिला मॅडमचं बोलणं आठवलं. वर्षाच्या सुरुवातीला मॅडमनी तिला बाजूला घेऊन, अगदी मायेने सांगितलं होतं, "तुम्ही स्वतः पुलापलीकडच्या. तिथलं कुणी आलं तर जपून राहा. त्यांच्या बाजूने वाहवत जाल. तटस्थ राहा." त्याची धाकटीने मनाशी खूणगाठ बांधून ठेवली होती. टेबलावर रेकॉर्डिंगच्या यंत्राचा लाल दिवा लुकलुकत होता. त्याच्या पलीकडून मॅडम ऐकतायत असं तिला वाटलं. आणि धाकटीने पुस्तकातला प्रश्न विचारला, पुस्तकी आवाजात, एकही शब्द न लांबवता.

"तुम्हाला मागे पाठवण्यामागे दुसरं काही कारण असेल का? तुम्ही जे समजताय त्याला पुरावा काय आहे, ते आपण जरा तपासून बघूया का?"

माणूस मनातल्या मनात भलतंसलतं धरून बसला असेल तर हा प्रश्न फार कामाचा असतो. मित्राने फोन उचलला नाही म्हणजे त्याचं प्रेमच संपलं, असं म्हणणाऱ्याला तो जरूर विचारावा. पण ज्याचा पाय खरोखर दाराच्या फटीत चिरडलाय त्याला, पाय दुखण्याचं दुसरं काही कारण असेल का, असं विचारायचं नसतं. हे धाकटीला कळलं, पण विचारून झाल्यावर.

पाववालीने तिच्याकडे पाहिलं. टेबलावरचे दोन्ही हात तिने हळूच खाली घेतले आणि मांडीवरच्या पिशवीखाली सरकवले.

"हो," ती म्हणाली. "असेल."

त्यानंतर ती सगळ्यालाच हो म्हणत गेली. मागे खरंच माणसं कमी असतील? हो, असतील. मॅनेजर नवे आहेत, त्यांना ओळख नसेल? हो, नसेल. आता जरा बरं वाटतंय? हो, बरंच बरं वाटतंय. जाताना तिने आभार मानले. बाहेर जाऊन तिने नर्सबाईंना सांगितलं की पुढची वेळ नको, मग बघू.

धाकटीने घरी येऊन चहा ठेवला आणि तो उतू गेला. नवऱ्याने विचारलं, काय झालं? सांगता येईना. खोलीतलं बाहेर बोलायचं नाही, ही त्या कामातली पहिली शपथ. नवरा बस चालवतो, त्याला शपथेचं वगैरे काही नाही, पण तो समजूतदार आहे. त्याने स्वतःच शेगडी पुसली.

खरी अडचण वेगळीच होती. ऐकवायला धाकटीजवळ तेवढंच एक रेकॉर्डिंग होतं. इतरांनी परवानगी दिली नव्हती, किंवा यंत्र चालू करायलाच धाकटी विसरली होती. आणि ते रेकॉर्डिंग ऐकायला उत्तम होतं. तिने स्वतः ऐकून पाहिलं. त्यात एक बाई आधी रडवेली असते, समुपदेशक शांत आवाजात प्रश्न विचारते, बाई विचार करते, बाईला पटतं, बाई आभार मानते. पिशवीखाली गेलेले हात ऐकू येत नाहीत. ते लावून गप्प बसलं तर ती पास होणार होती, हे धाकटीला चांगलंच माहीत होतं. तोंड उघडलं तर काय होईल ते माहीत नव्हतं. मॅडम म्हणाल्या असत्या, बघा, वाहवत गेलात. वर्ष गेलं असतं, खोली गेली असती. आणि पाववाली तर गेलीच होती.

गुरुवारी दुपारी ती आईजवळ बसली. आई आता फारशी उठत नाही, खिडकीशी बसून मटार सोलते. धाकटी लहान असताना आईच्या पोटात सारखी कळ यायची. दवाखान्यातल्या तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, तुम्हा लोकांना काळजी करायची सवय असते, त्याने दुखतं. आई "हो, असेल" म्हणाली, धाकटीचा हात धरून पूल ओलांडून घरी आली आणि परत कधी तिकडे गेली नाही. पुढे पित्ताशयातले खडे इतके वाढले की तिला उचलून न्यावं लागलं. जेमतेम वाचली.

"आई, तू त्या डॉक्टरला हो का म्हणाली होतीस?"

आईने वर पाहिलंही नाही. "लवकर सुटका व्हावी म्हणून."

"पण तुला पटलं नव्हतं ना?"

"पटायचं काय त्यात? नाही म्हटलं की विचारत बसतात, कशावरून, कशावरून. हो म्हटलं की घरी जाऊ देतात." तिने एक शेंग फोडली. "तुला का आज आठवलं?"

"असंच."

"असंच कशाला आठवेल," आई म्हणाली आणि दाणे वाटीत टाकले.

शुक्रवारी वर्गात खुर्च्या गोल मांडलेल्या. मॅडम, आठ-दहा विद्यार्थी, आणि दाराजवळ काका. काका म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. बायको गेल्यावर वेळ जाईना म्हणून या अभ्यासक्रमाला आले आणि वर्गात डोळे मिटून बसतात. झोपलेत की ऐकतायत यावर पोरांच्या पैजा लागतात.

धाकटीने यंत्र लावलं. तळव्यांचा घाम ती साडीला पुसत होती. तुकडा संपला. मॅडमच्या चेहऱ्यावर खरा आनंद होता. त्या वाईट बाई नव्हत्या, हे सांगितलंच पाहिजे. धाकटीची अर्धी फी माफ व्हावी म्हणून त्यांनीच कचेरीत भांडण काढलं होतं.

"ऐकलंत सगळ्यांनी?" मॅडम म्हणाल्या. "किती तटस्थ. स्वतः त्याच भागातल्या असून. आणि क्लायंटचा विचार कसा हलला बघा. याला म्हणतात काम."

मुलांनी माना डोलावल्या. एकीने काहीतरी टिपून घेतलं. धाकटीला वाटलं, आता खाली बसावं. पण ती आधीच बसलेली होती.

"मॅडम," तिच्या तोंडून निघालं, "मला वाटतं, ते चुकलं. त्यांना पटलं नव्हतं. आमच्याकडे असं हो म्हणतात… कटकट संपावी म्हणून. मी त्यांच्याकडे पुरावा मागितला. मागायला नको होता."

मॅडम पुढे झुकल्या. आवाज अगदी मऊ. "हे तुम्हाला वाटतंय खरं. पण वाटण्यामागे दुसरं काही कारण असेल का? तुमचे स्वतःचे अनुभव, त्यांचं ओझं? तुम्ही तिच्यात स्वतःला बघताय, असं तर नाही?"

सगळे धाकटीकडे बघत होते. निकालाचा कागद मॅडमच्या मांडीवर होता. धाकटीच्या डोळ्यांपुढे ती छोटी खोली आली, तिथली पडद्याची खिडकी, नर्सबाई. जीव मुठीत धरून ती म्हणाली, "हो. असेल, मॅडम."

"बघा," मॅडम समाधानाने म्हणाल्या. "आता जरा बरं वाटतंय ना?"

"हो," धाकटी म्हणाली.

आणि मग तिने खाली पाहिलं. तिचे दोन्ही हात मांडीवरच्या पर्सखाली गेलेले होते. कधी गेले ते तिला कळलंही नव्हतं. तिला स्वतःची भयंकर शरम वाटली, आणि त्याहून जास्त राग आला. कुणाचा, ते तिलाही सांगता आलं नसतं. तिने हात बाहेर काढले.

"मॅडम, आत्ता मी हो म्हणाले. तुम्हाला ते खरं वाटलं?"

"म्हणजे?"

"मला पटलेलं नाही. निकाल तुमच्या हातात आहे आणि मला इथून लवकर सुटायचंय, म्हणून हो म्हणाले. तुम्हाला मात्र वाटलं की माझा विचार हलला." तिचे शब्द लांबायला लागले होते. ते तिने लांबू दिले. "पाववालीने मला अगदी असंच हो म्हटलं होतं. तसंच मलाही खरं वाटलं… नाही, खोटं कशाला बोलू. मला खरं वाटलं नव्हतं. मी वाटवून घेतलं. तुम्ही जपून राहा म्हणाला होतात ना, म्हणून."

टिपून घेणाऱ्या मुलीने पेन उचलून धरलं होतं, पण काय लिहायचं ते तिला समजेना.

दाराजवळून काकांचा आवाज आला. डोळे मिटलेलेच. "मला कधी कुणी जपून राहा म्हणालं नाही."

"काय, काका?"

"माझे सगळे क्लायंट पुलाच्या अलीकडचे. आमच्याच गल्लीतले म्हणा ना. एक तर शाळेतला सोबती निघाला. मी त्याच्या बाजूने वाहवत जाईन, असं तुम्ही काही म्हणाला नाहीत, मॅडम." काकांनी डोळे उघडले. "आणि मी गेलो होतो हो वाहवत. चांगलाच."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मॅडमचा चेहरा लाल झाला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. धाकटीला वाटलं, संपलं आता.

"परत लावा," मॅडम म्हणाल्या.

परत लावलं. मग आणखी एकदा. "हो, असेल" ची जागा आली की मॅडम मान कलती करायच्या. शेवटी त्यांनीच यंत्र बंद केलं.

"मला अजूनही ऐकू येत नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "मला ती बाई पटल्यासारखीच वाटते. इतकी वर्षं मी असे हो ऐकून गुण देत आलेय." त्यांनी निकालाचा कागद उलटा केला. "आज मी काही लिहीत नाही. तिला परत बोलवून बघा. ती आली तर ते रेकॉर्डिंग आणा, त्यावर ठरवू. आली नाही, तर पुढच्या सत्रात पुन्हा परीक्षा. मला दुसरा नियम माहीत नाही."

म्हणजे पास नाही आणि नापासही नाही. धाकटीचा जीव तसाच टांगणीला.

दवाखान्याच्या फोनवरून तिने पाववालीला विचारलं. काय बोलायचं ते घरून घोकून आली होती, ते सगळं ऐन वेळी विसरली. एवढंच म्हणाली, "मागच्या वेळी माझं चुकलं. ते तुम्हाला समोर सांगायचंय. याल का मंगळवारी?"

"हो," पलीकडून आवाज आला. "येते ना."

धाकटीने फोन ठेवला आणि तिथेच बाकावर बसली. नर्सबाईंनी विचारलं, काय म्हणाली? "हो म्हणाली," धाकटी रडवेली होऊन म्हणाली. नर्सबाईंना काही उमगलं नाही. हो म्हटल्यावर रडतं का कुणी?

मंगळवारी ती खोलीत लवकर जाऊन बसली. यंत्र टेबलावर ठेवलं, तपासलं, दिवा लागतोय ना पाहिलं. समोरची खुर्ची जरा जवळ ओढली. मग वाटलं फार जवळ झाली, मागे सरकवली. वेळ झाली. वेळ उलटून गेली. बाहेर कुणी खोकलं की ती दाराकडे बघायची. येणार नाही, तिने मनाला सांगितलं. माझी आई तरी कुठे गेली होती परत?

दार उघडलं तेव्हा ती खिडकीचा पडदा नीट करत होती. पाववाली उंबऱ्यावरच थांबली. पिशवी छातीशी.

"बसत नाही," ती म्हणाली. "काय ते सांगा, मी जाते."

"माझी चूक झाली," धाकटी म्हणाली, घरी बोलते तशी, शब्द लांबवत. "तुम्ही खरं सांगितलंत आणि मी तुमच्याकडे पुरावा मागितला. मला माहीत होतं ते खरं आहे. माझ्या बहिणीला असंच मागे टाकलं होतं. तरी विचारलं, कारण मला भीती वाटत होती. मला पास व्हायचंय."

पाववालीने पिशवी सावरली. मग तिची नजर टेबलावर गेली.

"हे चालू आहे?"

"हो."

"बंद कराल?"

धाकटीने यंत्राकडे पाहिलं. लाल दिवा लुकलुकत होता. मॅडम, उलटा केलेला कागद, नर्सबाई, ही खोली, सगळं त्या दिव्यामागे होतं. तिने बटण दाबलं आणि दिवा विझला. मग तिने यंत्र उचलून खणात टाकलं.

पाववाली खुर्चीवर बसली. पिशवी तिने खाली जमिनीवर ठेवली आणि दोन्ही सोललेले हात टेबलावर पसरले.

"नाही," ती म्हणाली. "दुसरं काही कारण नव्हतं."

धाकटीने मान डोलावली, आणि या खेपेला काहीच विचारलं नाही.